अर्थ लावणारा सातारकर

मलकापूर म्हणजे कराडला चिकटलेले, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे गाव. गेली काही वर्षे इथल्या चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर आणि कॉलेजच्या फाटकाशी एक आकडा सतत कानी पडतो : पन्नास टक्के. २०१६ साली साताऱ्यात मराठा समाजाचा विराट मोर्चा निघाला. तेव्हापासून तर आरक्षणाची मर्यादा ओलांडता येते की नाही, यावर शाळकरी पोरेही तावातावाने बोलू लागली. आकडा सर्वांच्या तोंडी आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात तो पहिल्यांदा लिहिणारा माणूस मलकापूरपासून उत्तरेला पन्नासएक किलोमीटरवर, साताऱ्यातच जन्मला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचे नाव प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. भारताचे सातवे सरन्यायाधीश, आणि त्या खुर्चीवर बसलेले पहिले मराठी गृहस्थ. साताऱ्यात न्यायाधीश म्हटले की लोकांना माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे आठवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र रामशास्त्र्यांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेल्या या दुसऱ्या न्यायाधीशाने लिहिलेल्या ओळी आज आपल्या रोजच्या जगण्यात शिरून बसल्या आहेत. शाळेचा प्रवेश, गिरणीचा बोनस, देवळाचा दरवाजा, बँकेतल्या कारकुनाचा पगार, अशा कितीतरी ठिकाणी त्या सापडतात.

सातारा आणि कायदा यांचे नाते तसे जुने, आणि एका जखमेचे आहे. १८४८ सालच्या एप्रिलमध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला. धर्मशास्त्राप्रमाणे तो दत्तक चालत होता. खासगी मालमत्तेपुरता तो मान्य, पण सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून राज्याला वारस म्हणून मान्य नाही, असा अर्थ कंपनी सरकारने लावला. लॉर्ड डलहौसीने याच युक्तिवादावर जी संस्थाने एकामागून एक गिळली, त्यांतले पहिले सातारा. ‘दत्तक’ या एका शब्दाचा अर्थ कोणी लावायचा, यावर शिवछत्रपतींच्या वंशाचे राज्य गेले. पुढे याच गावातला एक तरुण वकील दत्तकशास्त्राच्या मुळाशी जाऊन बसला, हा योगायोग असेल. पण मनाला लागणारा योगायोग आहे.

गजेंद्रगडकर घराणे मूळचे उत्तर कर्नाटकातल्या गजेंद्रगडचे, माध्व वैष्णव परंपरेतले. तिथून ते साताऱ्यात येऊन स्थिरावले. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान आणि अध्यापक. घरात वेदान्त आणि मीमांसा यांचा वारसा. मीमांसा म्हणजे वाक्याचा अर्थ कसा लावायचा, याचे शास्त्र. दोन वचने एकमेकांच्या विरुद्ध दिसली तर कोणते प्रधान मानायचे, कोणत्या वाक्यात आज्ञा आहे आणि कोणते केवळ स्तुतीसाठी आले आहे, हे ठरवण्याचे काटेकोर नियम तिथे आहेत. शेकडो वर्षे पंडितांनी यज्ञाच्या विधींवर हे नियम चालवले. बाळाचार्यांच्या धाकट्या मुलाने पुढे ते राज्यघटनेच्या कलमांवर चालवून पाहिले.

हा मुलगा १६ मार्च १९०१ रोजी जन्मला. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, १६ जानेवारीला, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे वारले होते. न्यायासनावर बसूनही समाजसुधारणेची चळवळ पाठीशी घालणारा मराठी न्यायाधीश कसा असतो, ते रानड्यांनी दाखवले होते. ती वाट पुढे धरणाऱ्यांत गजेंद्रगडकर होते. सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा भूषवले, आणि जातिभेद, अस्पृश्यता व अंधश्रद्धा यांच्याविरुद्ध ते जाहीरपणे बोलत राहिले.

सातारा हायस्कुलातून १९१८ साली बाहेर पडल्यावर प्रल्हाद धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात गेले. कॉलेज उघडून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. धारवाड मुंबई इलाख्यातच होते, आणि पुण्याहून निघणारी रेल्वे कराड, मिरज, बेळगाव करत तिकडे जायची. आज मलकापुरावरून जो महामार्ग जातो, त्याच्या दोन टोकांमध्ये या माणसाचे सारे शिक्षण झाले : दोन वर्षे धारवाडला, आणि मग १९२०पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मराठी मुलूख आणि कानडी मुलूख यांच्यात तेव्हा आजच्यासारखी भिंत नव्हती. कानडी गावाचे नाव लावणारा सातारकर दोन्हीकडे घरचाच होता. १९२४ साली एम.ए. आणि १९२६ साली पुण्याच्याच लॉ कॉलेजातून एलएल.बी., तेही ऑनर्ससह. त्याच वर्षी ते मुंबईला गेले. वडील बंधू अश्वत्थामाचार्य तिथे एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते.

मुंबई उच्च न्यायालयात तेव्हा दोन वेगळी जगे नांदत होती. शहरातले बडे दिवाणी दावे ‘ओरिजिनल साइड’ला चालत. तिथे सॉलिसिटराने ब्रीफ द्यायची आणि विलायतेहून आलेल्या बॅरिस्टराने उभे राहायचे. दुसरी ‘अपेलेट साइड’. जिल्ह्या-जिल्ह्यांतून येणारी अपिले इथे चालत. सातारा, रत्नागिरी, नाशिक, धारवाडचे पक्षकार धोतर सावरत आणि कागदांचे बोचके सांभाळत इथे येत. भावाभावांच्या वाटण्या, इनामे, वतने, गहाणखते आणि दत्तकाचे वाद हाच इथला माल. गजेंद्रगडकर या दुसऱ्या जगात उभे राहिले, आणि पुढे तिथले आघाडीचे वकील झाले. त्यांच्या निकालपत्रांत पुढे जी माणसांची ओळख दिसते, तिचे मूळ मला या गावाकडच्या अपिलांत दिसते.

दत्तकाचे वाद तर घरोघरचे. मुंबई इलाख्यातल्या परंपरेत नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसली तरी विधवेला दत्तक घेता येई. काशीच्या नंदपंडिताने आपल्या ‘दत्तकमीमांसा’ या ग्रंथात मात्र विधवेला हा अधिकारच नाकारलेला. एकच शास्त्र, पण कृष्णाकाठी एक अर्थ आणि गंगाकाठी दुसरा. इंग्रज न्यायाधीश भाषांतराच्या आधाराने निकाल देत आणि त्यातून गोंधळ वाढत जाई. गजेंद्रगडकरांनी ‘दत्तकमीमांसे’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वकिली चालू असतानाच त्यांनी हिंदू कायद्याला वाहिलेले एक त्रैमासिकही संपादित केले. कोर्टात उभा राहणारा वकील आणि पोथी उलगडणारा पंडित एकाच माणसात असणे त्या काळीही दुर्मीळ होते.

मार्च १९४५मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

या वेळी त्यांच्या जन्मजिल्ह्यात काय चालले होते, ते आठवले पाहिजे. तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्या सांगलीचा मोठा भाग पोटात घेऊन होता. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० साली. या जिल्ह्यात १९४३पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे होते. इंग्रजांची कचेरी टाळून लोक गावातल्या न्यायदान मंडळाकडे जात. जमिनीचे तंटे, सावकारी, बायकांवरचे अत्याचार, सारे तिथे ऐकले जाई आणि निकाल तिथल्या तिथे लागे. एकीकडे सातारचा सुपुत्र ब्रिटिश बादशहाच्या नावाने न्याय देण्यासाठी मुंबईत आसनस्थ होत होता, आणि दुसरीकडे त्याच्याच जिल्ह्यातले शेतकरी न्यायाची आपली व्यवस्था चावडीवर उभारत होते.  ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत असे मला वाटते, कारण पाचच वर्षांनी आलेल्या घटनेने दोघांनाही एका छताखाली आणले.

घटना लागू होऊन दीड वर्ष झाले असेल-नसेल, तोच एक खटला आला. मुंबई सरकारने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला होता. मुसलमान पुरुषाला बंदी नाही आणि हिंदूलाच का, हा भेदभाव घटनेविरुद्ध आहे, असा आक्षेप नरसू आप्पा माळी खटल्यात निघाला. १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करायला राज्य मोकळे आहे, हे त्यामागचे एक सूत्र. पुत्रासाठी दुसरी बायको करणे धर्माला आवश्यक आहे, हे म्हणणेही टिकले नाही; पुत्र हवा तर त्याच धर्माने दत्तकाची वाट दिली आहे, याकडे छागलांनी लक्ष वेधले. दत्तकमीमांसेचे संपादक शेजारीच बसले होते.

त्याच निकालात दोघांनीही आपापल्या स्वतंत्र मतपत्रात आणखी एक गोष्ट लिहिली. घटनेच्या तेराव्या कलमात ‘अमलात असलेले कायदे’ असे शब्द आहेत आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असतील तर ते रद्द होतात. या शब्दांत धर्मांचे वैयक्तिक कायदे येत नाहीत, असा अर्थ या खंडपीठाने लावला. विधिमंडळाने केलेला कायदा वेगळा आणि श्रुती-स्मृतींतून वा कुराणातून आलेला वेगळा, ही गजेंद्रगडकरांची मांडणी पंडिताची होती. नेमक्या या जागी पंडिताने न्यायाधीशाला मागे खेचले, असे मला वाटते. कारण त्या एका अर्थामुळे विवाह, वारसा आणि घटस्फोट यांतले स्त्रियांवरचे अन्याय मूलभूत हक्कांच्या कक्षेबाहेर राहिले, आणि हे कुंपण पुढे अनेक दशके टिकले. २०१८ साली शबरीमला खटल्यात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या मतपत्रात या तर्काची पायाभरणीच चुकीची असल्याचे लिहिले.

कामगारांच्या बाबतीत मात्र गजेंद्रगडकरांचा हात कधी आखडला नाही.

१९५४ साली देशभरच्या बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न चिघळला होता. लवादाने दिलेला निवाडा केंद्र सरकारने स्वतःच्या मर्जीने बदलला आणि त्याच्या निषेधार्थ मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी मंत्रिपद सोडले. प्रकरण हाताबाहेर जाणार असे दिसताच सरकारने मुंबईचेच न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा एकसदस्य आयोग नेमला. काम चालू असतानाच राजाध्यक्ष वारले. त्यांच्या जागी गजेंद्रगडकर आले. १९५५मध्ये त्यांनी अहवाल दिला, सरकारने तो स्वीकारला, आणि तो अमलात आणण्यासाठी त्याच वर्षी संसदेने कायदा केला. बँकेत लागलेल्या पोरांच्या पगाराला ज्या निवाड्यांनी आकार दिला, त्यांत हा एक होता.

जानेवारी १९५७मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि औद्योगिक कायद्यात त्यांचा शब्द निर्णायक ठरू लागला. किमान वेतन देण्याची ऐपत नसेल तर त्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही, हे तत्त्व त्यांनी क्राउन अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या खटल्यात स्वच्छ शब्दांत मांडले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या दोन वॉर्ड-सेविकांना कामावरून कमी केले होते. रुग्णालय म्हणजे काही कारखाना नव्हे, तेव्हा औद्योगिक कायद्याचे संरक्षण यांना मिळणार नाही, असे सरकारचे म्हणणे. १९६० साली गजेंद्रगडकरांनी ‘उद्योग’ या शब्दाची व्याप्ती इतकी रुंदावली, की रुग्णांची सेवा करणारा माणूसही कामगार ठरला. १९७० साली न्यायालयाने हे मत फिरवले आणि १९७८ साली सात न्यायमूर्तींनी ते पुन्हा उचलून धरले. याच गजेंद्रगडकरांनी १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांना मात्र तोच न्याय लावला नाही. शिक्षण हा उद्योग नव्हे, असे म्हटले. अध्यापकाच्या घरात वाढलेल्या माणसाला ज्ञानदानाला उद्योग म्हणणे जड गेले असावे. १९७८च्या निकालाने तेही पुसून टाकले.

बोनसचा किस्सा सातारा-सांगलीच्या घराघरांशी जोडलेला आहे. मुंबईच्या गिरणगावात इथली माणसे होती. बोनस झाला की गावाकडे मनिऑर्डर येई, बैल घेतला जाई, लग्न ठरे. पण बोनस ही मालकाची बक्षिशी की कामगाराचा हक्क? मुंबईच्या गिरण्यांच्या वादात १९५० साली लवादाने एक सूत्र बसवले होते. नफ्यातून घसारा, कर, वसूल भांडवलावर सहा टक्के परतावा, खेळत्या भांडवलावर त्याहून कमी दराने परतावा आणि यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणाची तरतूद वजा करायची. जे उरेल त्यात कामगाराचा वाटा. १९५९ साली असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या खटल्यात मालक आणि कामगार दोघांनीही हे सूत्र आपापल्या बाजूला ओढले. गजेंद्रगडकरांनी त्यातली एकेक वजावट तपासून सूत्र कायम ठेवले. १९६५ साली बोनसचा स्वतंत्र कायदा येईपर्यंत देशभरातले वाद याच हिशेबाने सुटत राहिले.

आता त्या आकड्याकडे येऊ. ३१ जुलै १९६२ रोजी म्हैसूर सरकारने आदेश काढला : वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत मागासवर्गीयांसाठी २८ टक्के, अधिक मागासांसाठी २२, अनुसूचित जातींसाठी १५ आणि जमातींसाठी ३. बेरीज ६८. प्रवेश हुकलेले विद्यार्थी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच न्यायमूर्तींच्या वतीने निकाल लिहिला गजेंद्रगडकरांनी, तारीख २८ सप्टेंबर १९६२. आदेशाला दोन महिनेही झाले नव्हते.

घटनेच्या पंधराव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात राज्याला मागासांसाठी ‘विशेष तरतूद’ करता येते. ‘विशेष’ या शब्दावर गजेंद्रगडकर थांबले. जी तरतूद अपवाद म्हणून दिली, ती मूळ नियमालाच गिळू लागली तर तिला विशेष म्हणता येणार नाही. म्हणून ढोबळ मानाने ती पन्नास टक्क्यांच्या आत असावी. किती आत, ते त्या-त्या परिस्थितीवर अवलंबून. मागासलेपण ठरवताना जात हा एक निकष असू शकतो, एकमेव नव्हे. गरिबी, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण हेही पाहिले पाहिजे. निकालपत्राचा सूर आखीव नाही, सावध आहे. ‘ढोबळ मानाने’ म्हणून लिहिलेली ही रेघ १९९२ साली मंडल खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पक्की केली. ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा कायदा रद्द करताना, ती पुन्हा तपासण्याचे कारण नाही, असे पाच न्यायमूर्तींनी सांगितले. साताऱ्यातल्या मोर्चात घोषणा न देता चाललेल्या मुलींना आडवा आलेला आकडा एका सातारकराच्याच लेखणीतून उतरला होता. या रेघेशी वाद घालणाऱ्यांनी मूळ निकालपत्र वाचावे. त्यात रेघेइतकेच ‘परिस्थिती’ या शब्दालाही वजन आहे.

१ फेब्रुवारी १९६४ रोजी ते सरन्यायाधीश झाले. ज्येष्ठतेने न्यायमूर्ती जाफर इमाम पुढे होते, पण त्यांची प्रकृती पार ढासळली होती आणि त्यांनी आदल्या दिवशी पद सोडले. दिल्लीत तेव्हा कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. मुंबईत एकाच सुमारास घडलेली जुन्या सातारा जिल्ह्यातली दोन माणसे आता देशाच्या राजधानीत दोन मोठ्या पदांवर बसली होती.

दोनच महिन्यांत प्रसंग उभा राहिला तो लखनौत. गोरखपूरच्या केशव सिंग नावाच्या समाजवादी कार्यकर्त्याने एका आमदारावर आरोप करणारे पत्रक छापले. उत्तर प्रदेशच्या विधानसभेने त्याला १४ मार्च १९६४ रोजी सभागृहात उभे करून समज दिली. तो सभापतींकडे पाठ करून उभा राहिला. सभागृहाने त्याला सात दिवसांची कैद सुनावली. १९ मार्चला वकील सॉलोमन यांनी त्याच्या वतीने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे अर्ज केला, आणि न्यायमूर्ती बेग व सहगल यांनी त्याला जामिनावर सोडले. विधानसभेचा संताप अनावर झाला. २१ मार्चला ठराव झाला : केशव सिंग, त्याचे वकील आणि दोन्ही न्यायमूर्ती यांना पकडून सभागृहापुढे हजर करा!

न्यायमूर्तींना अटक. स्वतंत्र भारतात असे कधी घडले नव्हते. २३ मार्चला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे अठ्ठावीस न्यायमूर्ती एकत्र बसले आणि त्यांनी ठरावाला स्थगिती दिली. देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याचे विधिमंडळ आणि तिथले उच्च न्यायालय एकमेकांसमोर ठाकले. २६ मार्चला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे मतासाठी पाठवले. सात न्यायमूर्ती बसले. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी मोतीलाल सेटलवाड, विधानसभेसाठी एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईच्या बारमधले, दोघेही आपल्या काळातले दिग्गज.

३० सप्टेंबरला गजेंद्रगडकरांनी बहुमताचे मत दिले. ब्रिटिश पार्लमेंट सार्वभौम आहे. आपल्याकडे सार्वभौम आहे ती घटना. सभागृहाचे विशेषाधिकारही तिच्याच पोटात जन्मतात. तेव्हा नागरिकाचे स्वातंत्र्य हिरावले गेले असेल तर तो अर्ज ऐकण्याचा उच्च न्यायालयाला अधिकार आहे, आणि तो ऐकल्याबद्दल न्यायमूर्तींना सभागृहात खेचता येणार नाही. न्यायमूर्ती सरकार यांचे मत वेगळे पडले. स्वतः केशव सिंगचा अर्ज पुढे १९६५मध्ये अलाहाबादला फेटाळला गेला, म्हणजे माणूस हरला. पण त्याच्यासाठी दार उघडे राहिले. गजेंद्रगडकरांच्या साऱ्या कारकिर्दीत मला हा निकाल सर्वांत मोठा वाटतो.

चीन युद्धानंतरच्या आणीबाणीत डांबलेल्यांच्या अर्जांवर १९६३ साली त्यांनी लिहिलेला माखन सिंग निकाल इतका उदार नव्हता. मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात येण्याचा रस्ता बंद आहे, असे त्यांनी म्हटले, पण दुष्ट हेतूने केलेल्या अटकेला आव्हान देण्याची फट त्यांनी राखली. ३० ऑक्टोबर १९६४च्या सज्जन सिंग निकालात मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार त्यांनी मान्य केला. त्याच पीठावर अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातले न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर होते. घटनेची जी ‘मूलभूत वैशिष्ट्ये’ आहेत, ती बदलणे याला दुरुस्ती म्हणता येईल का, असा प्रश्न त्यांनी आपल्या मतपत्रात टाकून ठेवला. १९७३च्या केशवानंद भारती निकालात त्या प्रश्नाला पालवी फुटली. एका मराठी न्यायमूर्तीने अधिकार मान्य केला, दुसऱ्याने शंका काढली, आणि भविष्य शंका काढणाऱ्याच्या बाजूने गेले.

११ जानेवारी १९६६च्या पहाटे ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्री गेले. देश शोकात होता. तीन दिवसांनी, १४ जानेवारीला, गजेंद्रगडकरांनी एक निकाल वाचला. अहमदाबादच्या स्वामिनारायण पंथीयांनी १९४८ साली दावा लावला होता, की आम्ही हिंदू नाही, तेव्हा हरिजनांना मंदिरप्रवेश देणारा मुंबईचा १९४७चा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही. म्हणजे अस्पृश्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी धर्म सोडल्याचे सांगायचीही तयारी! अठरा वर्षांनी त्याचा निकाल लागत होता. हिंदू कोणाला म्हणायचे, हा प्रश्न न्यायालयापुढे आला, आणि मीमांसकाच्या घरातल्या माणसाने त्यासाठी वेदान्ताच्या आचार्यांपासून राधाकृष्णन यांच्यापर्यंत सारे धुंडाळले. अखेर टिळकांनी केलेली हिंदुत्वाची व्याख्या त्यांनी पुढे ठेवली : वेदांविषयी आदर, साधनांची अनेकता, उपास्याचा अनियम. पंथीय हिंदूच ठरले आणि मंदिराचे दार उघडले. या व्याख्येवर अभ्यासकांनी पुढे पुष्कळ टीका केली, तीत तथ्यही आहे. पण तो दावा कशासाठी लावला होता, ते विसरून ती टीका वाचता येत नाही.

निवृत्तीला बारा दिवस उरले असताना, ३ मार्चला, त्यांनी मिरजकर खटल्याचा निकाल दिला. ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांच्यावरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात न्यायमूर्ती तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची जबानी छापू नये असा तोंडी आदेश दिला होता. नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर पत्रकारांनी तो मूलभूत हक्कांचा भंग म्हणून सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायालयाच्या आदेशाने मूलभूत हक्कांचा भंग होतो असे म्हणताच येत नाही, असे गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या वतीने लिहिले. नऊपैकी एकट्या न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी विरोध केला. विधानसभेला घटनेच्या आत आणणाऱ्या लेखणीने न्यायालयाला मात्र त्याच मापाने मोजले नाही, ही उणीव मला डाचते.

१५ मार्च १९६६ला ते निवृत्त झाले, पण विश्रांती त्यांच्या वाट्याला आली नाही. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद. डिसेंबरात पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद, ज्याचा अहवाल १९६९ला आला. मधल्या काळात जम्मू-काश्मीरमधल्या प्रादेशिक असमतोलाची चौकशी. भारतीय विद्या भवनाच्या दशोपनिषदांच्या मालेचे संपादनही त्यांच्याकडे होते. १९७२ साली पद्मविभूषण. १२ जून १९८१ रोजी ते गेले आणि त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र त्यांच्या पश्चात, १९८३मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याआधी, १९७१ ते १९७७, ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १९७४ साली आयोगाने हिंदू विवाह कायद्यावरचा आपला एकोणसाठावा अहवाल दिला. त्याच्या आधारे १९७६मध्ये कायदा बदलला, आणि क्रूरता व परित्याग या कारणांनी घटस्फोट घेण्याची वाट उघडली. त्याच दुरुस्तीने १३-ब हे कलमही आले. नवरा-बायको दोघांनी मिळून, एकमेकांवर चिखलफेक न करता, वेगळे होण्याचा अर्ज त्याखाली करता येतो. कराडच्या आणि साताऱ्याच्या न्यायालयांत असे अर्ज आता रोजचेच झाले आहेत.